डोंगर नसलेल्या गावाचं चित्र

प्रश्न

ताई, नमस्कार. मला अगं-तुगंच करा, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन. माझं माहेर रायगड जिल्ह्यात माणगावजवळ, सासर सोलापूर. लग्नाला नऊ वर्षं झाली. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. माणसं चांगली आहेत, तक्रार त्यांची नाही, या जागेची आहे. माहेरी मागच्या दारातून डोंगर दिसतो, पावसात त्याच्यावरून चार-पाच पांढऱ्या धारा उतरतात. इथे खिडकीतून दिसतं ते मोकळं रान, वेड्या बाभळी आणि पाण्याच्या टाक्या. एप्रिलात तर खिडकी उघडायचीही सोय नाही. मैत्रिणींचे मुन्नारचे, मनालीचे फोटो आले की मला कोंडल्यासारखं होतं. दरवर्षी फिरायला जाण्याची आमची परिस्थिती नाही. यांचं दुकान आहे, ते बंद ठेवून चालत नाही.

पत्र लिहायचं कारण मात्र वेगळंच. मुलगा दुसरीत आहे. शाळेत 'माझ्या गावातला निसर्ग' असं चित्र काढायला सांगितलं होतं. त्याने दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड काढलं. हे म्हणाले, "अरे, आपल्याकडं असले डोंगर कुठायत?" तर तो म्हणाला, "मग काय काढू? आपल्याकडं काहीच नाही. आईच म्हणते की." सासूबाई तिथेच शेंगा फोडत बसल्या होत्या. काही न बोलता उठून आत गेल्या. हेही दोन दिवस गप्प होते. मला वाईट वाटलं, पण खोटं तरी कसं बोलू? जे सुंदर नाही त्याला सुंदर कसं म्हणू?

— एक माहेरवाशीण, सोलापूर

उत्तर

खोटं अजिबात बोलू नकोस. एप्रिलातली सोलापूरची दुपार सुंदर असते असं म्हणणारा माणूस एक तर एसीत बसलेला असतो किंवा गावाला गेलेला असतो. पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा कुत्रीसुद्धा गटाराच्या ओलीत पोट टेकून पडतात. त्या उन्हाचं कौतुक कर, असं मी तुला सांगणार नाही. 'मन प्रसन्न ठेव, मग सगळं छान दिसेल' हेही सांगणार नाही. मला ते लोकांनी सांगून झालंय, आणि तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

कारण मीही या शहरात रुसून बसलेली बाई आहे. मी कोल्हापूरची. बँकेत होते, बदली होऊन सोलापूरला आले आणि सहा वर्षं राहिले. त्यातली पहिली दोन वर्षं बदलीचे अर्ज लिहिण्यात गेली. रंकाळ्याच्या काठावर वाढलेल्या मुलीला विजापूर रस्त्याची धूळ कशी लागते, ते मला विचार. म्हणजे तुझी खिडकी मला ठाऊक आहे. फक्त त्या खिडकीतून मी चुकीच्या वेळी आणि चुकीची वस्तू शोधत होते, हे कळायला मला दोन वर्षं आणि एक रोखपाल लागला. त्यांच्याकडे येते.

आधी तुझ्या मुलाचं चित्र. ते चित्र मी काढलंय, तू काढलंस, तुझ्या नवऱ्यानेही याच सोलापुरात बसून काढलं असणार. दोन डोंगर, अर्धा सूर्य, मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. लालबागच्या चाळीतली पोरंही तेच काढायची आणि नागपूरचीही. त्या चित्रात न बसणारं गाव म्हणजे निसर्ग नसलेलं गाव, हे आपल्या डोक्यात दुसरी-तिसरीतच पक्कं बसतं. मोठेपणी त्याला सरकारी शिक्का मिळतो. सातबाऱ्यावर बघ, जिथे नांगर चालत नाही त्या तुकड्यापुढे 'पोटखराबा' लिहिलेलं असतं. जी जमीन सारा देत नाही ती खराब. इंग्रजांच्या महसूल खात्याचा हा हिशेब त्यांच्या सोयीचा होता. आपण तो सौंदर्यालाही लावून बसलो.

तुझ्या खिडकीतलं ते 'मोकळं रान' म्हणजे माळ आहे, किंवा माळाचा उरलेला तुकडा. माळ म्हणजे तोडलेलं जंगल नव्हे. पाऊस थोडा आणि मुरमावर मातीचा थर पातळ, अशा जागी गवतच राज्य करतं. पाऊस थोडा का, तर तुझ्या माहेरच्या डोंगरामुळे! अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सोलापूरला जेमतेम त्याचा पाचवा हिस्सा. ज्या पांढऱ्या धारांची तुला आठवण येते ना, त्या इथल्या वाट्याच्या होत्या असं समज. माहेराने सासरचा पाऊस पिऊन टाकलाय आणि तू सासरला कोरडं म्हणून बोल लावतेस. हे सासूबाईंना सांगू नकोस, उगाच हातात कोलीत.

आता रोखपाल. आमच्या शाखेतले हे गृहस्थ मंद्रूपच्या बाजूचे, घरची बारा एकर काळी जमीन. जानेवारीत सगळ्या शाखेला हुरड्याला घेऊन गेले. दुपारभर आगटीपाशी बसलो. गरम हुरडा, शेंगांची चटणी, दही, गूळ. मी मनात म्हणत होते, खायला झकास आहे, बघायला मात्र शून्य. सूर्य खाली आला आणि समोरच्या ज्वारीवरून एकदम धुराचा लोट उठला. मला वाटलं कुठेतरी पाचट पेटली. तो लोट वळला. वळताना काळा झाला, मग विरळ राखाडी, मग पुन्हा काळा. आधी चेंडूसारखा गोळा, मग लांबत लांबत पिशवीसारखा, मग मधोमध फाटून दोन, आणि पुन्हा एक. डोक्यावरून गेला तेव्हा आवाज कसा आला सांगू? नवं रेशमी लुगडं कुणीतरी झटकून उलगडावं तसा. हजारो पाखरं आणि एकही दुसऱ्याला धडकत नव्हतं. मी हातातलं कणीस तसंच धरून उभी.

मी विचारलं, हे काय? शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, गोफण घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला, "भोरड्या हायत्या बाई. ज्वारी खात्यात. त्यात बघायचं काय?"

भोरड्या म्हणजे साळुंकीच्या भावकीतला पक्षी. अंग गुलाबी, डोकं-पंख काळे. त्यांची पिलं होतात ती मध्य आशियात आणि पूर्व युरोपाच्या कडेला. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी इकडे यायला लागतात आणि एप्रिलच्या आसपास परत जातात. ज्यांना आपण बघायला तिकीट काढून कुठेतरी जाऊ, तेच तिकडून उडत उडत तुझ्या गावच्या ज्वारीवर येतात. शेतकऱ्याला त्यांचा ताप होतो, तो खराच आहे. टोळ-नाकतोडेही त्या फस्त करतात, पण दाणा भरताना हे त्याला सांगून बघ! मी त्या माणसाला ते सांगायला गेले नाही. पण मला एक आठवलं. तुमच्या ताम्हिणीत पावसाळ्यात पुण्याच्या गाड्या ओळीने उभ्या राहतात आणि माणसं धबधब्याखाली नाचतात, तेव्हा तुझ्या गावची माणसं काय म्हणतात? "यात बघायचं काय?" हेच ना? माहेरी असताना तू काळ नदीच्या काठावर मुद्दाम, फक्त बघायला म्हणून किती वेळा गेलीस, मोजून सांग बरं. धुणं घेऊन गेलीस ती वेळ धरायची नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही. तुझा डोंगर आता साडेतीनशे किलोमीटरवर आहे, साजरा दिसणारच.

म्हणून माझं सांगणं इतकंच, की कोकणाच्या पट्टीने माळ मोजू नकोस. कोकण अंगावर येतं, न बघणाऱ्यालाही दिसतं. माळ तसा नाही. त्याच्याकडे तासाने जावं लागतं आणि वाकून बघावं लागतं. सकाळी सहा ते आठ किंवा सूर्य मावळण्याआधीचा तास. मधला वेळ घरात. आणि महिना महत्त्वाचा. मृगाचा पहिला पाऊस पडला की मुलाला घेऊन जा. ओल्या मातीवर लाल मखमलीचे मृगाचे किडे निघतात, ते चारच दिवस. इथे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, तेव्हा माळ हिरवा होतो. तो हिरवा तुला फिका वाटेल, वाटू दे. नवरात्राच्या सुमाराला तरवड पिवळा धमक फुलतो. घटाला त्याच्या फुलांची माळ घालतात, सासूबाईंनी घातली असेल. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत वाळतं तेव्हा माळाची खरी वेळ येते. तिरप्या उन्हात ते आधी पिवळं, मग तांबूस, मग वाऱ्याबरोबर लवलवताना चक्क पाण्यासारखं दिसतं. समुद्र बघितलेल्या मुलीला ते कळायला अवघड जाऊ नये.

वाकून बघायचं म्हणजे काय, ते एका काडीवर सांगते. माळावर कुसळी गवत असतं. त्याच्या बीला एका टोकाला सुईसारखी अणी आणि दुसऱ्या टोकाला केसासारखं लांब, काळपट, पीळ घातलेलं शेपूट. असं एक कुसळ काढ, मुलाच्या तळहातावर ठेव आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोड. थोडा वेळ काही होणार नाही. मग ते शेपूट आपोआप फिरायला लागेल. पीळ सुटायला लागतो. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. रात्री दव, दिवसा ऊन, असं फिरत फिरत ते बी स्वतःला जमिनीत गिरमिटासारखं घुसवून घेतं. उन्हाळ्याच्या वणव्यात वरचं गवत जळून गेलं तरी आत गेलेलं बी बचावतं आणि पावसाला उगवतं. दुसरीतल्या मुलाला मनालीचा बर्फ दाखवलास तर तो त्यात खेळेल आणि विसरेल. हे विसरणार नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपल्याला चटकन दिसतं म्हणतात. खरं कुसळ मात्र मी वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत हातात धरून बघितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट नावांची. मातकट रंगाचा, चिमणीएवढा एक पक्षी माळावर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली सुटतो, जमिनीवर आपटणार असं वाटतानाच पुन्हा वर उसळतो. असं चार-पाच वेळा. त्याचं मराठी नाव डोंबारी चंडोल. नाव कळलं की तो तुला दिसायला लागेल, तोवर ती नुसती 'कसलीतरी चिमणी'. विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव, ज्याला जुनी माणसं कंबर तलाव म्हणतात, तो तुझ्यापासून लांब नाही. हिवाळ्यात तिथे पाण्यावर काळे पक्षी दिसले तर कपाळ बघ. पांढरा शुभ्र टिळा असेल. त्याचं नाव वारकरी. पंढरपूरच्या जिल्ह्यात दुसरं काय असणार!

ही नावं गोळा करण्यात आणि सांगण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते मारुती चितमपल्ली याच सोलापुरात १९३२ साली जन्मले. वनखात्यात नोकरी केली, विदर्भातली जंगलं पायाखाली घातली आणि अखेरीस पुन्हा सोलापूरला आले. जून २०२५ मध्ये इथेच गेले. त्यांच्या नजरेची पहिली तालीम या डोंगर नसलेल्या गावातच झाली, हे तुझ्या मुलाला जरूर सांग.

नान्नजचं नाव तू ऐकलं असशील. बार्शी रस्त्याला वीसेक किलोमीटरवर माळढोक या माळावरच्या मोठ्या पक्ष्यासाठीचं अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. माळढोक दिसेल या आशेने जाऊ नकोस. तो आता इतका दुर्मिळ झालाय की बघितला म्हणणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. मला सहा वर्षांत दिसला नाही. वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या गवतात, आणि ते गवत आपण 'पडीक' म्हणून एकेका कामाला देत गेलो. पण काळविटांचे कळप दिसतील. थंडीत संध्याकाळी भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून, घिरट्या घालत येतात आणि त्या गवतातच रात्रीला उतरतात. दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी सकाळी जाऊन जेवायच्या वेळेला घरी परत येता येतं. डबा आणि पाण्याच्या बाटल्या मात्र घरून ने.

हे झालं बघण्याचं. पण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते सासूबाईंचं उठून आत जाणं. त्या बाईने हे गाव निवडलं नव्हतं आणि सोडलंही नाही. तू 'इथे काही नाही' म्हणतेस तेव्हा तुझ्या मनात डोंगर असतो. त्यांना मात्र 'तुमच्याकडे काही नाही' असं ऐकू येतं. नवऱ्यालाही. त्याबद्दल माफी वगैरे मागायला बसू नकोस, आपल्या घरांत त्याने सगळेच अवघडतात. त्याऐवजी एक प्रश्न विचार. शेंगा फोडायला त्यांच्या शेजारी बस आणि विचार, "आई, लहानपणी तुम्ही पाखरं राखायला जायचात का हो?" सोलापूरकडच्या त्या वयाच्या बाईकडे याचं उत्तर तासाभराचं असतं. माळ्यावर चढून डबा वाजवणं, गोफणीचा नेम, टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की यंदा पाऊस बरा, असलं सगळं निघेल. टिटवीचा अंदाज खरा की खोटा यात पडू नकोस. ऐक. मुलाला जवळ बसव. त्या बोलतील तेव्हा ज्या जागांची नावं येतील, त्यातली एखादी अजून शाबूत असली तर तिथे त्यांनाच घेऊन जा आणि दाखवायला सांग. तू मागे राहा. नऊ वर्षांत या घरात बहुतेक पहिल्यांदाच तू पाहुणी आणि त्या यजमान होतील.

आणि माहेरची ओढ? ती दाबून टाकू नकोस. हिरव्यात वाढलेल्या डोळ्यांना हिरवं लागतं, हा काही नखरा नव्हे. वर्षातून एकदा, तेही मे महिन्यात सगळे जातात तेव्हा नव्हे तर जुलैत, आठ दिवस माहेरी जा. मुलाची शाळा बुडेल. दुसरीत बुडू दे. घरखर्चातून त्या प्रवासाचे पैसे दर महिन्याला वेगळे काढ, म्हणजे ऐनवेळी 'यंदा जमत नाही' व्हायचं नाही. मुन्नारच्या फोटोंचं म्हणशील, तर ते कोंडलेपण मला निसर्गाचं कमी आणि सुट्टीचं जास्त वाटतं. नऊ वर्षांत तुला एकटीला, कुणाचा डबा न करता, मोकळी सकाळ किती वेळा मिळाली? आठवड्यातली एक सकाळ नवऱ्याकडून मागून घे. दुकान दहाला उघडत असेल तर सहा ते आठ मुलाला सांभाळणं त्याला जमेल. त्या दोन तासांत माळावर जा, नाही तर तलावावर जा, नाही तर नुसती झोप. झोपलीस तरी मला चालेल.

चित्र फाडू नकोस आणि दुरुस्तही करू नकोस. ते त्याच्या आजोळचं चित्र आहे, नारळासकट. दुसरा कागद दे. त्यात डोंगराची रेघ येणार नाही, म्हणजे निम्म्याहून जास्त कागद आभाळ होईल. पोरांना रिकामं आभाळ काढायचा कंटाळा येतो, ती वर कोपऱ्यात सूर्य डकवून मोकळी होतात. म्हणून हे चित्र जानेवारीत काढायला बसव, आणि आदल्या संध्याकाळी त्याला ज्वारीच्या कडेला नेऊन आण. काळी पेन्सिल जरा जास्तच घेऊन ठेव, भोरड्यांना पुष्कळ लागते.

एक राहिलंच. माळावरून आलात की सलवारीला, मुलाच्या मोज्यांना कुसळं चिकटलेली असतील. ती कपडे भिजवायच्या आधी, कोरडी असतानाच एकेक करून काढायची. पाणी लागलं की ती पीळ सोडत आणखी आत घुसतात. मी पहिल्या वेळी सगळं बादलीत टाकलं होतं, आणि एक चांगला परकर त्यात गेला.